पक्षी समोर असताना पेन्सिल: पुण्यात बसून रेखाटन करणाऱ्यांसाठी धागा

शेकाट्या

पक्ष्यांची रेखाटनं इथे टाकली की हमखास एक प्रश्न येतो: कुठल्या फोटोवरून काढलंत? फोटो नसतो. पक्षी समोर, वही मांडीवर, आणि तो उडाला की चित्र तिथेच थांबतं. ह्या पद्धतीबद्दल सविस्तर बोलावं आणि पुण्यात असं बसून काढणाऱ्यांचं म्हणणं एका जागी यावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. पक्षी गेल्यावर राहिलेली अर्धी रेघ पुरी करायची नाही. घरी येऊन तिला पाय जोडायचे नाहीत, पिसं भरायची नाहीत. त्या अर्ध्या रेघेत जेवढं आहे तेवढं आपण खरोखर पाहिलेलं असतं. पुढे जोडलेलं सगळं आधीपासून डोक्यात असलेलं, कुठल्यातरी छापील चित्रातलं. एका पानावर मानेचे चार-पाच वळसे, दोन पाठी, एक नुसता पाय असं काहीबाही असेल तर ते पान अपुरं नाही. बगळा कसा उभा राहतो, कसा पुढे झुकतो, हे त्या पानावर आलेलं असतं.

सुरुवात करणाऱ्यांनी वंचक ह्या छोट्या बगळ्यापासून करावी. मुठेच्या पात्रात, पाषाण तलावाच्या काठाला, अगदी ओढ्याच्या कडेलाही तो असतो. माशावर नजर लावून इतका वेळ निश्चल उभा राहतो की आपल्याला दोनदा पाहून तिसऱ्यांदा रेघ ओढायला सवड मिळते. बसल्या जागी तो मातकट, रेघारेघांचा दिसतो आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. पावसाळ्याच्या तोंडावर पाठ गर्द तांबूस-जांभळी होते. पेन्सिलीला रंगाची काळजी नाही, पण ती पाठ आजूबाजूच्या चिखलापेक्षा किती गडद आहे हे पेन्सिलीनंच सर्वांत नेमकं सांगता येतं.

बसल्या बसल्या काढायला लागू नका. आधी नुसतं बघा. पक्षी काही ठरावीक ढबी पुन्हा पुन्हा घेतो. त्यातल्या दोन-तीन ओळखू आल्या की प्रत्येकीसाठी पानावर वेगळी जागा ठेवा. तो मान आत घेऊन बसला की हे चित्र, मान ताणली की ते चित्र. ढब बदलली म्हणून रेघ खोडायची नाही, शेजारच्या चित्रावर जायचं. पहिली ढब परत येतेच, तेव्हा मागे राहिलेलं पुढे न्यायचं.

रेघांचा क्रम माझा असा. पहिली रेघ धडाच्या कलाची: चोचीपासून शेपटीपर्यंत पक्षी जमिनीशी किती तिरका आहे, एवढंच. ती चुकली तर पुढची सुबक पिसं व्यर्थ. दुसरी खूण पायांची, आणि ती बोटं जिथे टेकतात तिथली. मग डोकं. मग चोचीची फट डोळ्याच्या मानाने कुठून निघते आणि कुठे संपते. डोळा शेवटी. आपला हात आधी डोळ्याकडे धावतो, त्याला आवरावं लागतं.

बाकी साहित्य, जागा, शंका खाली विचारा.

पेठकर

वाचनखूण साठवली. बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा आला.

साहित्याबद्दल थोडं. मी दोनच पेन्सिली नेतो, एचबी आणि २बी. शिवाय ०.७ ची खटक्याची पेन्सिल, कारण उभ्या उभ्या टोक काढत बसणं जमत नाही. ग्रॅफाइट आणि चिकणमाती मिसळून भाजायची रीत फ्रान्सच्या काँते यांनी १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकं, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळं; बीचा आकडा वाढतो तसं शिसं मऊ होत जातं. हे कळलं की दुकानात बारा पेन्सिलींचा डबा घ्यावासा वाटत नाही. ४बी, ६बी घरी वापरायला छान. बाहेर त्या घामट हाताखाली फिसकटतात आणि वही मिटली की समोरच्या पानावर छाप पडते. दोन पानांमध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवावा.

पावसाळ्यात कागद दमट होतो. तेव्हा कडक टोक कागदात रुततं, काळी रेघ उठतच नाही, नुसता चर पडतो. जून ते सप्टेंबर मी एचबी घरीच ठेवतो.

वही अप्पा बळवंत चौकातून घ्या. साधा कार्ट्रिज कागद, ए५ आकार, मागे जाड पुठ्ठा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद मला फार आवडतो. १९४० पासूनची संस्था, चिंध्यांच्या लगद्याचा दणकट कागद. पण त्याच्या खडबडीत पोतावर बारीक पेन्सिल अडखळते. मोठा, ठसठशीत पक्षी, गडद छाया, असं काही असेल तर तो कागद काढावा.

लेन्सवाला

धागा चांगला आहे, पण अर्ध्या रेघेचा आग्रह मला पटत नाही.

उडत्या पक्ष्याचा पंख आपल्याला दिसत नाही, तो फिरल्याचा भास दिसतो. फ्रान्समध्ये एतिएन ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, सेकंदाला १२ चित्रं घेणारा. उडत्या पक्ष्याचा पंख खाली येताना आणि वर जाताना नेमका कसा वाकतो, हे त्यानं टप्प्याटप्प्यानं दिसलं. नुसत्या डोळ्याला हे उमगत नव्हतं. आज माझा साधा कॅमेराही त्याच्या पुढे आहे. मग कवडी पाटला नदीवर चक्रवाक बदकांचा थवा उठला तर मी फोटो काढून घरी त्यावरून रेखाटलं, तर त्यात कमी खरं काय आहे? उलट ते जास्त खरं आहे. पक्षी हलला म्हणून चुकीचा पाय काढून ठेवायचा आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं, हे मला मान्य नाही.

शेकाट्या

@लेन्सवाला, मारे यांचं उदाहरण चपखल आहे आणि ते मी नाकारत नाही. पंखाची रचना शिकायला फोटो वापरावेतच. माझं म्हणणं एवढंच की शिकणं आणि पाहणं वेगवेगळ्या पानांवर असावं.

फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो. रेखाटन पाच-दहा मिनिटांचं. त्या पाच मिनिटांत पक्ष्यानं जे पुन्हा पुन्हा केलं ते रेघेत उतरतं, आणि एकदाच केलं ते गळून जातं. काठावर चालणारा छोटा तुतवार पक्षी घ्या. त्याचं बूड सारखं वरखाली होत असतं. फोटोत ते कुठल्यातरी एका जागी थिजलेलं दिसेल. मी शेपटीपाशी दोन-तीन रेघा एकावर एक सोडतो आणि तो लगेच तुतवार वाटायला लागतो.

दुसरं, लांब भिंगातून खोली चपटी होते. समोर तोंड करून उभा असलेला बगळा फोटोत कागदाच्या कपट्यासारखा दिसतो. प्रत्यक्ष बघताना छातीचा फुगीरपणा जाणवतो, कारण आपण दोन डोळ्यांनी बघतो, जरा डावीउजवीकडे सरकतो, आणि मधूनमधून तोही वळतो.

घरी येऊन तुम्ही फोटोवरून जरूर काढा. फक्त समोरच्या पानावर काढा, जागेवरच्या रेघेवर नको. एकदा ती झाकली गेली की आपल्याला काय दिसलं होतं हे परत सापडत नाही.

लेन्सवाला

समोरच्या पानावर, हे चालेल. बाकी मतभेद कायम.

चित्रकला_शिक्षक

मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, आता निवृत्त आहे. शेकाट्या यांनी पायांबद्दल एका वाक्यात उरकलं, ते मला विस्तारानं सांगायचं आहे, कारण शेकडा नव्वद चित्रं पायापाशी बिघडतात.

पक्ष्याच्या पायाच्या मध्यावर जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे. ती टाच आहे. खरा गुडघा वर पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो. मांडीचं हाड धडाच्या आत जवळजवळ आडवं, पुढच्या दिशेनं जातं. त्यामुळे बोटं बरोबर धडाच्या भाराखाली येतात. विद्यार्थी पाय शेपटीच्या जवळून काढायला घेतात आणि पक्षी तोंडावर पडेल असा दिसतो. पोटाच्या मध्यातून खाली एक लंब रेघ कल्पून बघा. पक्षी एका पायावर उभा असेल तर त्याची बोटं त्याच रेघेवर सरकलेली सापडतील. भार कुठे आहे हे कळलं तर पाय नुसत्या दोन काड्यांनी दाखवले तरी पक्षी उभा राहतो.

ह्या अभ्यासाला शेकाट्या हा पक्षी उत्तम (धागाकर्त्यांनी नाव बरोबर निवडलं आहे). धडाच्या मानानं एवढे लांब, गुलाबी, उघडे पाय दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात पुण्याजवळ इतक्या सहज बघायला मिळत नाहीत. टाचेचा सांधा लांबूनही ठळक दिसतो. तो खाली टेकला की टाच मागे जाते आणि पाय घडी होऊन आडवे होतात. त्याला मागचं बोट नसतं, तिन्ही बोटं पुढे. उलट पोपट आणि भारद्वाज बघा: दोन बोटं पुढे, दोन मागे. हे माहीत असलं की फांदीवरची पकड काढताना हात अडत नाही.

मानेचंही असंच. आपल्या मानेत सात मणके. बगळ्यांच्या मानेत त्याच्या दुपटीहून जास्त, आणि सहाव्या मणक्याची घडण अशी की मान तिथे ठळक कोनात दुमडते. म्हणून बगळ्याची मान सापासारखी गुळगुळीत वळणाची काढू नका. वरच्या भागात तो कोन शोधा. सापडला की बगळा, नाही सापडला तर बदक.

होला

सर, पायाचं हे कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. पिसांबद्दलही लिहाल का? मी पिसं मोजत बसते आणि पक्षी उडून जातो.

चित्रकला_शिक्षक

@होला, पिसं मोजू नका, गट बघा. मिटलेला पंख म्हणजे पिसांच्या थरांची रचना. पाठीच्या कडेची, खांद्यावरची पिसं पंखाच्या मुळावरून शालीसारखी खाली येतात. त्यांच्याखाली पंख झाकणाऱ्या लहान पिसांच्या ओळी. मग लांब पिसं, एकाखाली एक सरकलेली, आणि शेवटी उड्डाणाच्या पिसांची टोकं तेवढी शेपटीच्या वर डोकावतात. ह्या गटांच्या सीमा चार-पाच रेघांत आल्या की आत एकही पीस काढलं नाही तरी पंख मिटलेला वाटतो. छाया द्यायची तर गट जिथे एकमेकांवर चढतो तिथेच.

मोजायचीच हौस असेल तर शेपटीची मोजा. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांना शेपटीत १२ पिसं असतात, कोतवालाला १०. कोतवाल तारेवर बसतो, शेपटीची दुफाटी आकाशावर स्वच्छ दिसते.

स्वराची_आई

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे. तिला पक्षी काढायचे असतात, पण पक्षी उडाला की ती रडकुंडीला येते आणि वही मिटते. आम्ही कोथरूडला राहतो. इतक्या लहान मुलांनी कुठून सुरुवात करावी? लांब जाणं दर रविवारी जमणार नाही.

शेकाट्या

@स्वराची_आई, ताई, लांब जायची गरजच नाही. खिडकीतला कावळा घ्या. कावळा म्हणजे चालता, बोलता, मान तिरकी करून आपल्याकडे बघणारा मॉडेल, आणि तो रोज त्याच जागी येतो. पावसाळ्यात त्याची पिसं गळून नवी येत असतात, तेव्हा उडताना पंखात फटी दिसतात. त्या तिला शोधू द्या, मुलांना हे फार आवडतं. पारवे, साळुंक्या, कोंबड्या सगळं चालेल. कोंबड्या तर उत्तमच.

रडू येण्यावर एक उपाय आहे. दोघी मिळून पक्ष्याकडे बघा, काढायचं काहीच नाही. मग पाठ करून बसा आणि जे आठवतंय तेवढंच काढा. पुन्हा वळा, काय बघायचं राहिलं ते बघा, पुन्हा पाठ. ह्यात पक्षी उडाला तरी काही बिघडत नाही, कारण चित्र आठवणीतूनच चाललं आहे. हळूहळू आठवण लांबते.

आणि दुपारी जा. सगळे पक्षीनिरीक्षक पहाटेचा धोशा लावतात, ते यादी करणाऱ्यांसाठी बरोबर आहे. रेखाटायला दुपार चांगली, कारण पक्षी विसावलेले असतात. बदकं चोच पाठीत खुपसून झोपतात. पिंगळा झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी दिवसाउजेडी डुलक्या काढतो. तुमच्या भागातल्या जुन्या झाडांवर नक्की असेल, खाली पांढरी विष्ठा दिसते का बघा.

चित्रकला_शिक्षक

ताई, शेकाट्या म्हणतात त्यात भर. आमच्या एलिमेंटरी ह्या चित्रकलेच्या परीक्षेला स्मरणचित्र हा विषय असायचा. मुलं त्यासाठी जत्रा, बस थांबा, भाजी मंडई अशी ठरलेली चित्रं पाठ करून जात. त्या विषयाचा खरा उपयोग पाठ फिरवून पक्षी काढण्यात आहे. तिला गुण, बक्षीस, फ्रेम ह्यांपासून दूर ठेवा. चित्र छान झालं का असं विचारू नका. कावळ्याची चोच वरून कशी वळते, ते दाखव बरं, असं विचारा. ती पेन्सिल घेऊन पळत येईल.

आतकरवाडी

जागांबद्दल मी लिहितो. रेखाटनाची जागा आणि पक्षी दिसण्याची जागा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिंहगडाच्या पायथ्याचं खोरं पक्ष्यांना श्रीमंत, पण रेखाटायला कठीण. सगळं पानांआड. उन्हाळ्यात ओढ्यातल्या पाणवठ्यावर मात्र बसावं. पक्षी पाणी प्यायला, अंघोळीला ठरावीक दगडावर उतरतात. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर लांब शेपटी घेऊन पाण्यात सूर मारतो तेव्हा पेन्सिल चालवणं अवघडच, पण अंघोळीनंतर तो फांदीवर बसून बराच वेळ पिसं साफ करतो. तेव्हा काढा. पिसं साफ करणारा पक्षी हा रेखाटनाचा सर्वांत चांगला विषय असं माझं मत. मान पाठीवर, पंख अर्धा उघडा, शेपटी पसरलेली, असे आकार एरवी सुचणारसुद्धा नाहीत.

कवडी पाट: सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे. नदीचं पाणी घाण आहे, वास येतो, तरीही हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या ही बदकं येतात. हळदीकुंकू बदकं, शेकाटे, राखी बगळे, चित्रबलाक. मोकळा काठ, पक्षी जवळ आणि माणसांना सरावलेले.

एम्प्रेस गार्डन: जुने मोठे वृक्ष, बसायला सावली. राखी धनेश तिथे आणि शहरातल्या जुन्या झाडांच्या रस्त्यांवरही दिसतात. वड-उंबर फळला की धनेश त्याच झाडावर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून फळलेलं झाड गाठून खाली बसावं. वाकडी जड चोच आणि तिच्यावरचं टोकदार शिंग, हे बाह्यरेषेचं काम.

वेताळ टेकडी: वेडा राघू. फांदीवरून झेपावतो, माशी पकडतो, त्याच फांदीवर परत येतो, फांदीवर आपटतो, खातो. म्हणजे तो स्वतःच तुम्हाला ढब परत परत देत राहतो.

भिगवण लांब आहे, साधारण शंभर किलोमीटर. उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात. होडी हलते, रेखाटन होत नाही. काठावर बसणार असाल तरच वही न्या.

पेठकर

शहराच्या मध्यात घारी आहेत हे कोणी लिहिलं नाही. मुठेवरच्या कुठल्याही पुलाच्या कडेला सावलीत उभं राहा आणि वर बघा. घार गिरकी घेते, त्यामुळे प्रत्येक फेरीत तीच बाजू, तोच कल तुमच्यासमोर परत येतो. पहिल्या फेरीत पंखांची रेघ, दुसऱ्यात शेपटी, तिसऱ्यात पंखाच्या टोकाची फाकलेली बोटं. शेपटीची खाच बघत राहा. मिटलेली असताना स्पष्ट दिसते, शेपटी पसरली की सपाट होऊन जवळजवळ नाहीशी होते. वळताना ती शेपटी एका बाजूला पिळते. उडता पक्षी काढायला ह्यापेक्षा चांगला शिक्षक पुण्यात नाही.

होला

उन्हाच्या दिशेबद्दल विचारायचं होतं. सगळे सांगतात सूर्य पाठीशी ठेवा. तुम्हीही तसंच बसता का?

शेकाट्या

@होला, सुरुवातीला उलट बसा. सूर्य समोर, पक्षी मध्ये. पक्षी काळा ठिक्कर दिसतो, रंग आणि पिसं दिसतच नाहीत. कॅमेरावाले ही बाजू टाळतात. आपल्याला मात्र निव्वळ बाह्यरेषा मिळते. पाय आणि पोट ह्यांच्यामधली पाण्याची तुकडेवजा मोकळी जागा, मान आणि पाठीमधला कोपरा, हे मोकळे आकार काढले की पक्षी आपोआप मध्ये उरतो. हे जमल्यावर मग सूर्य पाठीशी घेऊन छाया शिका. फक्त दुर्बिणीतून सूर्याकडे बघितलं जाणार नाही एवढी काळजी कटाक्षानं घ्या.

दुर्बिणीवरून आठवलं. ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण चांगली, पण एक हात तिच्यातच अडकतो. ज्यांना परवडेल त्यांनी तिपाईवरची एकनळी दुर्बीण बघावी, आणि तिची नेत्रिका (डोळा लावायचं टोक) ४५ अंशांत वाकलेली असावी. मान थोडी खाली, वही शेजारी, दोन्ही हात मोकळे. डोळा काचेवरून वहीवर आणि परत, एवढीच हालचाल. गटानं जाणाऱ्यांनी वर्गणी काढून एक घेतली तरी सगळ्यांचं काम होतं.

मुठाकाठ

इतक्या चर्चेत कोणी इतिहास काढला नाही म्हणून लिहितो. पुण्यात जिवंत प्राणी समोर ठेवून चित्र काढण्याची परंपरा जुनी आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स मॅलेट ह्याच्यासाठी गंगाराम तांबट हे चित्रकार काम करत. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचं त्यांनी १७९० मध्ये काढलेलं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहात आहे. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनंही त्यांचीच. पेशवे पार्कात प्राणी होते तोवर चित्रकलेची मुलं वही घेऊन तिथे बसलेली असायची. मग १९९९ मध्ये कात्रजचं प्राणिसंग्रहालय सुरू झालं.

माझा मुद्दा वेगळा आहे. रेखाटनाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा आणि पाण्याची स्थिती लिहा. नुसतं पक्ष्याचं नाव नको. उतरता, चिखलाचा काठ असेल तरच तुतवार, धोबी, टिटवी हे पक्षी तिथे चालू शकतात. काठाला भराव पडला, उभी भिंत आली की पाणी तेच राहतं पण चालायची जागा जाते. ज्या वळणावर तुम्ही आज बसून तुतवार काढताय ते वळण पुढे तसंच राहील असं धरून चालू नका. वहीत पक्ष्याच्या पायाखालचा चिखलही काढा, दगड काढा, पाण्याची रेघ काढा. पक्षी अधांतरी ठेवू नका.

शेकाट्या

@मुठाकाठ, काका, पायाखालची जमीन काढायची सूचना आजपासून पाळणार. तारीख-वेळ लिहितोच, पाण्याची स्थितीही लिहीन.

आतकरवाडी

एक विनंती, सगळ्यांनाच. घरट्यापाशी बसून रेखाटू नका. पक्षी सारखा परत येतो म्हणून मोह होतो, पण आपण बसलोय म्हणून तो येत नसेल तर पिल्लं उपाशी राहतात. टिटवी जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर समजा आपण अंड्यांच्या जवळ आहोत. खाली बघत, आल्या पावली मागे जा. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून खाऊ घालतो. त्या काळात त्या झाडाखाली मुक्काम नको.

सुगरणीचा अपवाद करता येईल, पण लांबून. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला घरटी लोंबतात, नर गवताचे धागे आणून विणतो आणि अर्ध्या घरट्याला लटकून पंख फडफडवतो. पलीकडच्या बांधावर बसून दुर्बिणीनं बघितलं तर त्याला काही फरक पडत नाही. अर्धवट घरट्याचा आकारही काढा, विणीची दिशा पेन्सिलीनं छान दाखवता येते.

स्वराची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी आम्ही दोघींनी पाठ करून कावळा काढला. तिनं चोचीच्या मुळाशी असलेली केसांसारखी पिसं काढली. मला ती आजवर दिसलीच नव्हती, मी खिडकीशी जाऊन खात्री केली. एक शंका: ती डावखुरी आहे. डावीकडून काढत गेली की हाताखाली सगळं काळं होतं. काय करावं?

चित्रकला_शिक्षक

चोचीच्या मुळाशी असलेली पिसं पाहिली, म्हणजे ती नीट बघते आहे.

डावखुऱ्यांनी पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून डावीकडे सरकावं. तळहाताखाली कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा आणि हात उचलून तो पुढे न्यावा, घासत नेऊ नये. पेन्सिल जरा मागे धरायला शिकवा, म्हणजे मनगट कागदाला कमी टेकेल आणि रेघ खांद्यातून येईल. वही आडवी न धरता उजवा कोपरा थोडा खाली झुकवून ठेवली तर डाव्या हाताला रेघ ओढायची दिशा सोपी जाते. आणि सध्या तिला एचबीच द्या, २बी नको.